शेवटचे दोन आटे

मास्तरीणबाईंनी जन्मात कुणाला काही शिकवलं नाही. तरी सगळी गल्ली त्यांना मास्तरीणबाईच म्हणायची, कारण नवरा मास्तर. आणि मास्तर तरी कसला, तर गाडी शिकवणारा. एकच गाडी, पांढरी, जुनी, टपावर ‘शिकाऊ’ अशी लाल पाटी आणि आत पायाशी ब्रेक-क्लचच्या दोन जोड्या: एक शिकणाऱ्याची, एक मास्तरांची. त्या एका गाडीवर मास्तरांनी अठ्ठावीस वर्षं काढली. डॉक्टर, दुकानदार, बँकेतल्या बाया, नुकतंच लग्न झालेल्या पोरी, निवृत्त झालेले साहेब, सगळे त्यांच्या हाताखालून गेले आणि सगळ्यांनी पोटभर बोलणी खाल्ली. “क्लच आहे तो, पायपुसणं नाही!” “आरशात मागची गाडी बघायची असते, भांग घरी बघा.” “खांब काही बाजूला व्हायचा नाही, त्याला पाय नाहीत. तुम्हीच व्हा.” एका चांगल्या धिप्पाड पोलिसाच्या डोळ्यांत त्यांनी भर चौकात पाणी आणलं होतं. पास झाल्यावर मात्र हीच माणसं वाट वाकडी करून मास्तरांच्या दारावरून गाडी न्यायची आणि लांबलचक हॉर्न द्यायची. मास्तर आतून ओरडायचे, “काय झालं वाजवायला? रस्ता काय बहिरा आहे?” आणि दिवसभर खूश असायचे.

आता तुम्हाला वाटेल, अर्ध्या गावाला गाडी शिकवणाऱ्याची बायको झोकात गाडी हाकत असेल. कसली हाकते! दिव्याखाली अंधार. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मास्तरांनी एकदा बाईंना शिकवायला घेतलं होतं. तिसऱ्या गिअरपर्यंत गोष्ट गोडीगुलाबीने गेली. चौकात गाडी बंद पडली, मागच्यांनी हॉर्नचा धडाका लावला आणि मास्तर नेहमीप्रमाणे मास्तर झाले. बाईंनी शांतपणे पर्स घेतली, दार उघडलं, उतरल्या आणि घराकडे चालू लागल्या. मास्तर पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागे मागे, खिडकीतून मान बाहेर काढून, “अगं... अगं ऐक तरी... अगं!” अख्ख्या बाजाराने ही वरात पाहिली. त्या दिवसानंतर बाई त्या गाडीत बसल्या त्या नेहमी मागच्या सीटवर.

मास्तरांनी त्यांना नावाने कधी हाक मारली नाही. प्रेमात असो की रागात, ‘अगं’ एवढंच. त्या एका शब्दात बाईंचा सगळा संसार मावत होता असं म्हटलं तर खोटं नाही.

बाईंचं स्वतःचं राज्य वेगळं होतं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी शिवणयंत्र, बाजूला कापडांचे ढीग, भिंतीवर कात्री, गळ्यात टेप. त्या ब्लाउज शिवायच्या आणि असे शिवायच्या की बायका दुसऱ्या टोकाहून यायच्या. यंत्र बिघडलं तर बाई दुरुस्तीवाल्याचं तोंड बघायच्या नाहीत. स्वतः उघडायच्या, तेल घालायच्या, स्वतः बंद करायच्या. त्यांचा एक नेम होता: काढलेला प्रत्येक स्क्रू, प्रत्येक नट लगेच बटणांच्या डबीत टाकायचा. मांडीवर नाही, खिडकीत नाही, डबीत. तीस वर्षांत त्यांचा एक स्क्रू हरवला नव्हता. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि का नसावा?

मग तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी मास्तर दाढी करत होते. बेसिनमध्ये वस्तरा पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मास्तर पडल्याचा.

दवाखान्यातून घरी आले ते निम्मे आले. उजवा पाय हळूहळू ऐकू लागला, काठी घेऊन पलंगापासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून मोरीपर्यंत जाता येऊ लागलं. उजवा हात मात्र खांद्याला नुसता टांगलेला. आणि बोलणं गेलं. ज्या जिभेने पोलिसाला रडवलं त्या जिभेवर एकच शब्द उरला: ‘चला’. शिकणाऱ्याने पट्टा लावला की मास्तर हाच शब्द म्हणायचे. तेवढाच काय तो आत खोल रुतून बसला असावा. पाणी हवंय? “चला.” भाजी खारट झालीय? “चला.” पाठ दुखतेय, पंखा लावा, तो डॉक्टर गाढव आहे, सगळ्याला “चला.” बाई हळूहळू सुरावरून ओळखायला शिकल्या. पण ‘अगं’ काही आलं नाही. तीन महिने घरात त्यांना हाक मारणारं कुणी नव्हतं. लेक परगावाहून फोनवर ‘आई’ म्हणायची, गिऱ्हाइकं ‘काकू’ म्हणायची, आणि तरी बाईंना वाटायचं की आपण कुठेतरी हरवलोय आणि आपल्याला शोधायला कुणी निघालेलं नाही.

एक दिवसाआड व्यायाम करून घेणारी ताई यायची. चुणचुणीत पोरगी, हसतमुख. तिने मास्तरांसाठी एक पिवळा मऊ चेंडू आणला होता. तो उजव्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, “काका, दाबा.” काका डाव्या हाताने तो चेंडू उचलायचे आणि फेकायचे. चेंडू शिवणयंत्राखाली जायचा. बाई वाकून काढून आणायच्या. पुन्हा “काका, दाबा,” पुन्हा चेंडू यंत्राखाली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

एक दिवस दारात चपला घालता घालता ताईने बाईंना सांगितलं, “काकू, खरं सांगू? हात मेलेला नाहीये. विसरलाय. हे पहिले काही महिनेच हातात आहेत. आत्ता काकांनी तो वापरला नाही, तर नंतर मी रोज आले तरी फारसा उपयोग नाही.”

“अगं, पण ते करतच नाहीत ना. मी काय मारू त्यांना?”

“त्यांना माझा चेंडू म्हणजे अपमान वाटतो. काहीतरी सवयीचं द्या. रोज हातात असायचं असं काहीतरी.”

ताई गेली आणि बाई भेंडी चिरत बसल्या. मास्तरांच्या हातात रोज काय असायचं? पेपर नाही, तो ते नुसता चाळायचे. चहाचा कप? तो डाव्या हातानेही धरता येतो. अर्धी भेंडी संपायच्या आत उत्तर आलं, आणि ते घराबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये तीन महिने धूळ खात उभं होतं.

मास्तरांना नुसतं गाडीत नेऊन बसवावं हे बाईंच्या डोक्यात आधीच येऊन गेलं होतं. पण दवाखान्यातून आल्यापासून मास्तर गाडीकडे बघत नव्हते. दारात खुर्ची टाकली की ते शेडकडे पाठ करून बसायचे. गाडीचं नाव काढलं की “चला!” आणि तोही असा की भांडी वाजावीत. तेव्हा मास्तर गाडीकडे जात नाहीत, तर गाडीतलं स्टेअरिंग मास्तरांकडे आणायचं. भंगारवाल्याकडे दुसरं स्टेअरिंग मिळालं असतं, पण मास्तरांनी दुसऱ्याच्या गाडीचं चाक बोटाने शिवलं नसतं. रुसलेला जावई विकतच्या मिठाईला बोट लावत नाही तसे ते. आपलंच हवं.

बाईंनी फिटरला फोन लावला. फिटर म्हणजे मास्तरांचा तरुणपणापासूनचा दोस्त. अठ्ठावीस वर्षं त्या गाडीचं दुखणंखुपणं त्यानेच पाहिलं.

“वहिनी, मी लेकीकडे आलोय. आठ दिवसांनी येतो. पाच मिनिटांचं काम आहे, काढून देतो.”

“भावजी, पाच मिनिटांचं काम आहे, तर मला आठ दिवस कशाला थांबवता?”

“पाच मिनिटं माझी. तुमची अख्खी दुपार जाईल, आणि वर दोन दात.”

“दात माझे आहेत. तुम्ही सांगा.”

फिटर वहिनींना ओळखून होता. नाही म्हटलं तर ही बाई न विचारता करणार. त्यापेक्षा सांगून केलेलं बरं. तो म्हणाला, “आपली गाडी जुनी आहे, तिच्या स्टेअरिंगमध्ये ती हवेची पिशवी नाही, म्हणून मी तोंड तरी उघडतोय. पिशवीवाली असती ना, तर तुम्हाला शपथ घातली असती. ती फुटली म्हणजे तोंड शोधावं लागतं. घ्या लिहून.”

बाईंनी मापांची वही ओढली आणि कुणाच्या तरी बाहीच्या घेराखाली लिहून घेतलं. पुढची चाकं सरळ. बॅटरीची वजा बाजू आधी सोडवायची, मग दहा मिनिटं थांबायचं. मधलं हॉर्नचं झाकण उचकटायचं, त्याची वायर काढायची. किल्ली काढली की चाक अडकवतं त्या कुलपाच्या भरवशावर नटाला जोर लावायचा नाही, कुलूप मोडतं. चाक हातानेच धरायचं. चाक आणि ते ज्यावर बसतं तो दांडा यांच्यावर एक खूण करायची, म्हणजे परत बसवताना तिरकं बसत नाही. हातोडी तर चुकूनही मारायची नाही.

“आणि वहिनी, सगळ्यात महत्त्वाचं. नट सैल करायचा, पण काढायचा नाही. शेवटच्या दोन आट्यांवर राहू द्या. मग दोन्ही हातांनी डावं-उजवं हलवत ओढा. ते चाक दांत्यांत गच्च बसलेलं असतं, हलत नाही हलत नाही, आणि सुटतं तेव्हा एकदम सुटतं. नट असला तर नटावर अडकेल. नसला तर तुमच्यावर.”

बाईंनी ‘शेवटचे दोन आटे’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. मास्तरांना दारात खुर्चीवर बसवलं, त्यांनी सवयीने शेडकडे पाठ केली. बाईंनी पदर खोचला, वही घेतली, बटणांची डबी घेतली आणि शेडमध्ये गेल्या. गाडीच्या डिकीत मास्तरांची हत्यारांची पेटी होती. बॉनेट उघडल्याचा आवाज झाला आणि मास्तरांची मान कधी नव्हे ती वळली.

बाईंचं काम बघण्यासारखं चाललं होतं, हे कबूल केलंच पाहिजे. बॅटरीची काळी वायर सोडवून तिच्या टोकाला त्यांनी चिंधी गुंडाळली, म्हणजे चुकून परत टेकायला नको. घड्याळ लावून दहा मिनिटं बसून राहिल्या. बोथट सुरीला फडकं गुंडाळून हॉर्नचं झाकण असं हळुवार उचललं की ओरखडा नाही. खूण करायला शिंप्याचा खडू होताच. चाकापासून दांड्यापर्यंत एक पांढरी रेघ ओढली, बाही जोडताना ओढतात तशी. पान्याच्या टोकाला लावायच्या पेटीतल्या गोट्या एकेक करून नटावर लावून बघितल्या, चौथी बसली. पान्याला लोखंडी नळी जोडली, गुडघा चाकात अडकवला, डाव्या हाताने चाक आवळलं आणि अंगाचा सगळा भार नळीवर टाकला. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा कट् झालं आणि नट सुटला.

मास्तर खुर्चीतून सगळं बघत होते. त्यांनी आता खुर्चीसकट अर्धं वळण घेतलं होतं.

बाई नट बोटांनी फिरवू लागल्या. एक आटा, दोन आटे, चार. वही शेजारच्या सीटवर उघडी होती, त्यात दोन रेघा मारलेलं वाक्य होतं, आणि बाईंना ते वाक्य पाठ होतं. पण हाताला वाचता येत नाही. हाताने तीस वर्षं जे केलं तेच केलं: सैल झालेला नट पुरता काढला आणि बटणांच्या डबीत टाकला. टण्ण असा आवाज झाला. हरवायला नको.

“चला!” मास्तर दारातून ओरडले. “चला! चला!” डाव्या हातातली काठी त्यांनी उंबऱ्यावर आपटली.

“झालंच हो, झालंच,” बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, घाई करताहेत. आयुष्यभर त्या गाडीत घाईच केली या माणसाने. त्यांनी दोन्ही हातांनी चाक धरलं, पाय रोवले आणि ओढलं. डावीकडे, उजवीकडे. चाक ढिम्म. बाईंनी दात-ओठ खाल्ले, चाकावर ओणवल्या आणि एक शेवटचा हिसका दिला.

चाक सुटलं. फिटरने सांगितलं होतं तसंच, एकदम. ते थेट हनुवटीवर आदळलं, खालचा ओठ फुटला, डावं मनगट गिअरच्या दांडीत आणि चाकात सापडलं आणि बाई चाक उराशी धरून मागच्या मागे सीटवर पडल्या. डोळ्यांपुढे काजवे चमकले. दात सगळे जागच्या जागी आहेत का ते जिभेने मोजत असतानाच त्यांना ऐकू आलं:

“अगं!”

बाई हलल्या नाहीत. हलले तर तो शब्द जाईल असं त्यांना वाटलं.

“अगं... अगं!”

मास्तर खुर्चीतून उठले होते. दारापासून शेडपर्यंत अकरा पावलं. मधे दोन पायऱ्या, आणि त्या पायऱ्या मास्तर दवाखान्यातून आल्यापासून एकदाही एकट्याने उतरले नव्हते. डावा हात भिंतीला, काठी काखेत, उजवा पाय ओढत ते आले. गाडीच्या टपाला धरून दारात उभे राहिले. चेहरा पांढराफटक. त्यांनी बाईंच्या ओठावरचं रक्त पाहिलं, मग दांड्याचं उघडं टोक पाहिलं आणि तोंड वेडंवाकडं करून, जड दगड सरकवावा तसा एक शब्द बाहेर ढकलला.

“नट!”

“काढला हो मी,” बाई म्हणाल्या. “डबीत आहे.”

मास्तरांनी डबीकडे पाहिलं. मग बाईंकडे अशा नजरेने पाहिलं, ज्या नजरेने ते सिग्नल हिरवा झाल्यावर गाडी बंद पाडणाऱ्याकडे बघायचे. सगळा जन्म बाईंना त्या नजरेचा राग यायचा. आज त्यांना हसू फुटलं, हसता हसता ओठ दुखला आणि दुखता दुखता रडू आलं. काहीच आवरेना. तीन महिन्यांनी नवरा रागावला होता. पुरता, अंगभर, आपल्या जुन्या रागाने रागावला होता.

पदराने तोंड पुसून त्यांनी चाक पुढे केलं. “घ्या. तुमच्यासाठीच काढलं. ताई म्हणाली, सवयीचं काहीतरी धरायला द्या. खुर्चीत बसून रोज धरा.”

मास्तरांनी हात पुढे केला नाही. त्यांनी त्या सुट्या चाकाकडे पाहिलं, खाली लोंबणाऱ्या हॉर्नच्या वायरीकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरले. डाव्या हाताने त्यांनी चाक बाईंकडे परत ढकललं. जोरात नाही, पण ढकललं.

तेव्हा बाईंना कळलं, आणि कळलं तेव्हा ओठापेक्षा जास्त लागलं. त्यांनी मास्तरांची तहान ताकावर भागवायला काढली होती. पोरगी मऊ चेंडू देत होती, आपण गोल चाक दिलं, फरक काय? जे चाक कशालाच जोडलेलं नाही, जे फिरवून काहीच वळत नाही, ते या माणसाने मांडीवर घेऊन बसायचं, पोरं ताटली घेऊन खेळतात तसं. आणि त्यासाठी आपण त्याची गाडी आंधळी केली.

“चुकलं माझं,” बाई म्हणाल्या. “खरंच चुकलं.”

मास्तरांनी दांड्याकडे बोट दाखवलं. “चला.” या ‘चला’चा अर्थ बाईंना एका क्षणात कळला. बसव परत.

मग मास्तर गाडीला वळसा घालू लागले. बॉनेटला धरून, दिव्याला धरून, आरशाला धरून. बाई मदतीला उठल्या तर त्यांनी काठी उगारली. पुष्कळ वेळ गेला. शेवटी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि मास्तर आपल्या जागेवर, शिकवणाऱ्याच्या सीटवर, येऊन बसले. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. धाप लागली होती. पाय आपसूक खालच्या ब्रेकवर गेला.

बाईंनी चाक दांड्यावर ठेवलं, खडूची रेघ रेघेला जुळवली, शिवणीला शिवण जुळवतात तशी. डबीतून नट काढला, बोटांनी बसवला. इथवर ठीक. पण पाना लावून डाव्या हाताने चाक धरायला गेल्या आणि कळ डोक्यात गेली. मनगट टरारून सुजलं होतं. चाक धरलं की सुटत होतं, नट घट्ट करायला गेलं की चाकच फिरत होतं.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “आठ दिवसांनी भावजी येतील. तोवर असंच राहू दे.”

मास्तरांनी जोरात मान हलवली. सैल स्टेअरिंगची गाडी? त्यांच्या दारात? अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कुणाला पट्ट्याशिवाय किल्लीला हात लावू दिला नव्हता.

“मग काय करू? मला हात एकच आहे. पाना फिरवू की चाक धरू? तुम्हीच धरा आता.”

बाईंनी हे चिडून म्हटलं. मुद्दाम नाही, युक्ती म्हणून नाही; मनगट ठणकत होतं, ओठ ठणकत होता, आणि खरोखरच त्यांना एकटीला जमत नव्हतं. मास्तरांना तो सूर ओळखीचा होता. चौकात पर्स घेऊन उतरणाऱ्या बाईचा सूर.

मास्तरांनी आधी डावा हात पोटावरून आडवा नेला आणि चाक खालून धरलं. पाना फिरताच चाक निसटलं. त्या जागेवरून डावा हात पुरत नव्हता. स्टेअरिंगच्या बाजूचा हात नेमका उजवा. तो मांडीवर पालथा पडला होता. मास्तरांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, उशिरा आलेल्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं. मग डाव्या हाताने तो उचलला आणि चाकावर ठेवला.

हात घसरून खाली पडला.

पुन्हा ठेवला. पुन्हा पडला. बाईंचा हात पुढे जात होता, मदतीला. त्यांना यंत्राखाली वाकून काढलेला तो चेंडू आठवला आणि त्यांनी आपला हात मागे घेतला. इतक्या वर्षांत त्या घरात बाईंनी केलेलं सगळ्यात अवघड काम कुठलं असेल तर ते हे, की त्या नुसत्या बसून राहिल्या. मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता. तिसऱ्यांदा त्यांनी हात ठेवला, डाव्या हाताने एकेक बोट चाकाभोवती वाकवलं, करंगळी शेवटी. मग डावा हात आधाराला चाकाच्या खालच्या कडेवर ठेवला आणि मान हलवली.

“धरा हं,” बाई म्हणाल्या आणि नळीवर हात ठेवला. “सोडू नका.”

त्यांनी हळूच जोर दिला. चाक किंचित फिरलं, आणि थांबलं.

बाईंनी अजून जोर दिला. पान्याच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी अडत होतं, आणि ते लोखंड नव्हतं. लोखंड असं अडत नाही. ते आधी ढळायचं, मग सावरायचं, मग उलट ओढायचं. त्यांना ते नळीतून, पान्यातून, आपल्या तळहातात स्पष्ट कळत होतं. त्यांनी मान वर केली नाही. मास्तरांच्या हाताकडे बघायची छाती होईना. त्या नटाकडे बघत राहिल्या, नट घट्ट होत राहिला, आणि त्यांच्या शेजारी त्यांचा नवरा दात आवळून चाक सरळ धरून बसला होता.

अखेरीस पाना हलेना. फिटर येऊन आपल्या हाताने बघेपर्यंत गाडी जागची हलवायची नाही हे बाईंनी मनात पक्कं केलं, आणि मगच वर पाहिलं. उजव्या हाताची पेरं पांढरी पडली होती. डावा हात कधीच सुटून मांडीवर आला होता. चाक एकट्या उजव्या हाताने धरलेलं होतं.

“झालं,” बाई म्हणाल्या. “अहो, झालं. सोडा आता.”

बोटं लगेच सुटली नाहीत. आधी अंगठा थरथरला. मग तर्जनी सैल झाली, मग मधलं बोट, आणि करंगळी सगळ्यात शेवटी, अगदी हळू. हात चाकावर उघडा राहिला. मास्तर त्याच्याकडे बघत होते, बाईही बघत होत्या.

मग त्या हाताने, कुणी न सांगता, चाक पुन्हा धरलं.